अंगावर लोखंड नको

माझी सासू शनीला घाबरते आणि माझा नवरा माझ्या सासूला. या दोन भीतींची मिळून एक अंगठी झाली होती. काळ्या घोड्याच्या नालेची, चांगली जाडजूड, उजव्या हाताच्या मधल्या बोटात. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत सासूबाईंनी, म्हणजे सोजराबाईंनी, ती एका घिसाड्याकडून शनिवार बघून ठोकून घेतली आणि साडेसाती सरेपर्यंत काढायची नाही म्हणून लेकाला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. लेक चाळिशीला आलेला. भरलं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा गडी, पण आईच्या शपथेपुढं त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी ते हसण्यावारी नेलं. पुढं नशिबानं कामही असं दिलं, की जिथं लोखंडच चालत नाही.

नवऱ्याचं नाव भागवत. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण गोष्ट सांगायची तर 'हे' आणि 'ते' करत किती वेळ काढणार? भागवतच म्हणते.

काम रज्जाकभाईंच्या शेडमध्ये होतं. देऊळगाव राजातून जालन्याकडं निघालं की रस्त्याला लागूनच ती शेड आहे. रज्जाकभाईंचा धंदा मूळचा भंगाराचा, त्यांच्या वडिलांपासूनचा. मग चीननं चुंबक द्यायला आडकाठी घातली आणि आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांची तारांबळ उडाली. गाडीच्या मोटरीपासून मिसाईलचे पंख वळवणाऱ्या मोटरीपर्यंत सगळीकडं हे जोरकस चुंबक लागतात, आणि ते ज्या मातीपासून होतात तिला म्हणे दुर्मिळ माती म्हणतात. ते ऐकून आम्ही बायका खूप हसलो होतो. आमच्या चुलीपासून अंथरुणापर्यंत मातीच माती, ती कसली दुर्मिळ! तर ही नवी माती आपल्या देशात निघेल तेव्हा निघेल, तोवर मोडीत गेलेल्या पवनचक्क्या आणि लिफ्टच्या जुन्या मोटरी फोडून त्यातले चुंबक काढावेत, असं वरच्या लोकांनी ठरवलं. भंगार कसं फोडायचं हे रज्जाकभाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी शेडच्या मागच्या भागात लाकूड आणि प्लायवूडची वेगळी खोली केली, टेबलंही लाकडाची केली आणि काम सुरू केलं.

त्याआधी दिवाळी झाली की आम्ही वीटभट्टीवर जायचो. आमची काजल निम्मं वर्ष इथल्या शाळेत आणि निम्मं भट्टीवरच्या खोपीत. शेडमध्ये काम लागल्यापासून ती एका जागी राहून शिकत होती आणि यंदा दहावीला होती. ते चुंबक मिसाईलमध्ये जातात की मिक्सरमध्ये, याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. पोरगी एका बाकावर वर्षभर बसते, एवढं मला पुरे होतं.

भागवतचं तसं नव्हतं. तो त्या कामात जिवानिशी गुंतला होता. टपरीवर चहा पिता पिता सांगायचा, "आपल्या हातचा चुंबक ढगात जाते बे, ढगात!" लोक त्याला 'या मिसाईलवाले' म्हणून चिडवायचे आणि याची छाती आणखीच फुगायची.

शेडच्या दारावर रज्जाकभाईंनी रंगानं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं: अंगावर लोखंड नको. किल्ल्या, मोबाईल, पट्टे, साडीच्या पिना, केसांचे आकडे, सगळं दारातल्या लाकडी पेटीत टाकायचं. चपलेला खिळा असेल तर चपलासुद्धा बाहेर. पवनचक्कीतला चुंबकाचा ठोकळा दिसायला कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीसारखा, पण असे दोन ठोकळे जवळ आले की वीतभर अंतरावरून एकमेकांवर झेप घेतात आणि मधे जे असेल त्याचा चुरा करतात. म्हणून दोन ठोकळ्यांच्या मधे कायम लाकडी फळी. चुकून चिकटलेच तर ते ओढून निघत नाहीत, एकावरून दुसरा सरकवावा लागतो. तेही जमलं नाही, तर मग सुईण.

सुईण म्हणजे यंत्रच. सगळं लाकूड आणि पितळ. दोन पितळी जबडे, त्यांना दोन बाजूंनी दोन मळसूत्रं आणि दोन दांडे. जबड्यात एकेक ठोकळा धरायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी दांडे फिरवायचे, की चिकटलेली जोडी अंगाला धक्का न लावता सुटी होते. म्हणून आम्ही बायकांनी तिचं नाव सुईण ठेवलं, आणि मग रज्जाकभाईसुद्धा तिला सुईणच म्हणायला लागले.

दारात रज्जाकभाई प्रत्येक गड्याला विचारायचे, "लोखंड?" गडी म्हणायचा, "नाही भाई." झाली तपासणी. भागवत मला सांगायचा, अंगठी पेटीत टाकतो आणि जाताना घालतो. बोटाला चिकटपट्टी कशाची, तर म्हणे कापलं. वर हातमोजा, आणि ठोकळे धरायचे ते डाव्या हातानं. मी विश्वास ठेवला. नवऱ्याच्या कापलेल्या बोटावर कोण संशय घेतं?

त्या दिवशी कंपनीचे साहेब पाहणीला येणार होते. आतापर्यंत आमचा माल एका दलालामार्फत जायचा आणि त्यानं आता हात वर केले होते. यापुढं माल सरळ कंपनीला द्यायचा होता, पण कंपनी आधी सगळं स्वतः बघणार होती. माल अखंड हवा, तडा गेलेला ठोकळा त्यांना चालत नाही. काम शिस्तीत हवं, अपघात चालत नाही. पास झालो तर शेड चालणार, नाहीतर बंद. सगळ्या गड्यांनी धुतलेले कपडे घातले होते. सुईणीला चिंच लावून लखलखीत घासलं होतं आणि शेडच्या मधोमध आणून ठेवलं होतं, कारण साहेबांना तीच दाखवायची होती.

मागच्या खोलीत भागवत नमुन्याचे ठोकळे मांडत होता आणि मी टेबल पुसत होते. सगळ्यात मोठे दोन ठोकळे, मधे फळी. फळी जरा तिरकी झाली होती म्हणून ती नीट करायला त्यानं घाईत उजवा हात घातला, आणि तो हात तिथंच थबकला. कुणी बोट धरून ठेवावं तसा. त्याच्या चेहऱ्यावर लाज आली. खरंच सांगते, आधी लाज आली, भीती नंतर. हातमोज्यातली अंगठी ठोकळ्याला चिकटली होती आणि ते मला कळू नये म्हणून त्यानं हात हिसडला. हिसडायचं कधी नसतं, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. फळी आडवी झाली. दुसरा ठोकळा टेबलावरून उडाला आणि 'टक्' असा आवाज झाला, अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा.

"जयमाला," तो म्हणाला, "फळी पडली."

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही दोन ठोकळ्यांच्या मधे. अंगठा आणि पहिलं बोट बाहेर, करंगळी बाहेर. तो ओरडला नाही. खाली बसला आणि हात टेबलावर तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मी धावत जाऊन रज्जाकभाईंना बोलावून आणलं.

त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग लाकडी पाचर घेऊन वरचा ठोकळा सरकवून पाहिला. ठोकळा जरासा हलला आणि अडला. भागवतनं शर्टाची बाही दातात धरली.

"मधी काहीतरी अडून राह्यलं," रज्जाकभाई म्हणाले. "काय हाय हे?"

"नाल," भागवत म्हणाला.

"कशाची नाल?"

"घोड्याची."

रज्जाकभाई त्याच्याकडं बघतच राहिले. "मी रोज विचारतो ना बे तुले? रोज विचारतो!"

"भाई, निघतच नाही ते बोटातून."

"फोडा तो ठोकळा," मी म्हणाले. "पितळी हातोडा हाय ना? फोडा."

"वहिनी, फुटला तर त्याच्या कपच्या उडत नाहीत, तिथंच चिकटतात. सगळ्या हातात घुसतीन." ते खरं होतं. नमुन्याचा सगळ्यात चांगला ठोकळा तोच होता, हेही खरं होतं. रज्जाकभाईंच्या मनात कुठलं खरं आधी आलं, ते मी विचारलं नाही. "आता सुईणीबिगर काम नाही," ते म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

साहेब आले होते.

रज्जाकभाईंचा चेहरा एकदम उतरला. ते वाईट माणूस नाहीत. माझं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनीच टेम्पो काढला होता. पण त्या क्षणी ते माझ्याकडं बघेनात. खाली बघून म्हणाले, "वहिनी, सुईण बाहेर हाय. मधोमध. साहेब पहिले तिथंच येतीन."

"मग साहेबांसमोर लावा."

"साहेबांसमोर? माणूस अडकलेला दाखवू त्याहिले? ते गाडीतून उतरतीन अन् परत गाडीत बसतीन. सगळ्यांची रोजी जाईन." त्यांनी हात जोडले. "जरा दम धरा. मी लवकर उरकतो. ते गेले की लगेच सुईण आत आणतो. अल्लाकसम."

मी तोंड उघडणार तोच भागवत म्हणाला, "भाई बराबर बोलून राह्यले. तुम्ही जा भाई."

रज्जाकभाईंनी खोलीच्या दारावर ताडपत्री ओढली आणि गेले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, एकदम गोड. "या साहेब, या! प्रवास चांगला झाला ना?"

आम्ही दोघं आत. प्लायवूडच्या त्या खोलीला खिडकी नाही. बाहेरची चहाची कपबशी वाजलेली आत ऐकू येत होती, म्हणजे आतलं बाहेर जाणार हे उघड होतं. म्हणून मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन भांडले. कुजबुजत भांडणं किती कठीण असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत.

"काऊन नाही सांगितलं?"

"काय सांगू? आईची आण होती."

"अन् माह्याजवळ खोटं? म्हणे कापलं!"

"तू तिच्याशी भांडली असती."

"भांडलीच असती!"

"म्हणून," तो म्हणाला.

मी त्याच्या हातमोज्याच्या बोटांची शिवण उसवली. आतली बोटं टोकाला सुजून पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली होती. मी पदर ओला करून त्यावर धरला. त्याला घाम फुटला होता आणि तो बाहेरचं ऐकत होता. बाहेर साहेब एकेक विचारत होते आणि रज्जाकभाई उत्तरं देत होते. एखादं उत्तर नीट बसलं की भागवत मान हलवायचा. हात चुंबकात आणि चित्त पाहणीत! मला त्याचा असा राग आला, की त्याच वेळी रडूही आलं.

बाहेर पडायला वाटही नव्हती. ताडपत्रीच्या पलीकडं साहेब. दवाखान्यात न्यावं तर तिथली सगळी हत्यारं लोखंडाची. कात्री जवळ आणली की तीही येऊन चिकटणार. दोन बोटं सोडवायला या अख्ख्या तालुक्यात एकच यंत्र होतं, ते माझ्यापासून दहा पावलांवर होतं, आणि ते शोभेला ठेवलं होतं.

"काजलची दहावी हाय," भागवत म्हणाला. "शेड बंद झाली तर परीक्षेआधीच भट्टीवर जावं लागते. तू ओरडू नको."

"मी कुठं ओरडून राह्यली?"

"तुह्या तोंडावर दिसून राह्यलं. तू ओरडली ना, तर पुन्हा माह्याशी बोलू नको."

मी गप्प बसले. जी बाई एस.टी.च्या कंडक्टरला सुट्या पैशांवरून स्टँडभर ऐकवते, ती मी, तोंडात पदर कोंबून गप्प बसले. बाहेर पवनचक्की कुठून येते, चुंबक कुठं साठवता, सगळं चाललं होतं. साहेबांना घाई नव्हती. ते प्रत्येक टेबलापाशी थांबत होते.

मग भागवतनं सुस्कारा सोडला. चेहरा सैल झाला. "बरं वाटून राह्यलं आता," तो म्हणाला. "दुखत नाही."

मी बोटांवरचा ओला पदर बाजूला केला. भट्टीवर आमच्या शेजारच्या खोपीत तुळशीराम म्हणून गडी होता. त्याच्या पायावर विटांची थप्पी कोसळली होती. तोही असंच म्हणाला होता, आता दुखत नाही, बसू द्या जरा. सगळ्यांना वाटलं, बरं झालं. त्याचा पाय घोट्यातून काढावा लागला. मी भागवतच्या बोटाच्या टोकाला नख लावलं, दाबलं. "कळते का?" तो ताडपत्रीकडं बघत होता. त्याला मी काय केलं तेच कळलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून साहेबांचा आवाज आला. "रज्जाकभाई, हे तर लाकूड आहे."

मी ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं. साहेब तरणे होते, नागपूरकडचे, प्रसेनजित नावाचे. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा एक माणूस होता. रज्जाकभाई सुईणीच्या जबड्यात लाकडाचे दोन तुकडे धरून दांडा फिरवून दाखवत होते. लाकडाचे तुकडे उकलायला कसली आलीय सुईण? ते आपले आपण खाली पडत होते.

"खरे ठोकळे लावून दाखवा ना," साहेब म्हणाले. "नमुन्याचे कुठं आहेत?"

रज्जाकभाई म्हणाले, "साहेब, ते जरा... आज चाचणीसाठी बाहेर दिलेत."

नमुन्याचे ठोकळे माझ्या नवऱ्याच्या हाताला होते.

भागवतनं मला ओरडू नको म्हटलं होतं. चालू नको म्हटलं नव्हतं. मी ते दोन्ही ठोकळे त्याच्या हातासकट माझ्या दोन्ही हातांत धरले, छातीशी घेतले आणि उठले. त्याला उठावंच लागलं. "ए, काय करतं? जयमाला!" तो हळूच म्हणत होता. मी खांद्यानं ताडपत्री सारली. शेडचे लोखंडी खांब दोन्ही बाजूंना लांब ठेवून, मधल्या वाटेनं, मी त्याला सगळ्यांच्या देखत सुईणीपाशी घेऊन आले.

"हे घ्या खरे ठोकळे," मी म्हणाले.

फोटोवाल्याचा हात वरच राहिला. साहेबांनी आधी ठोकळे पाहिले, मग त्यातून बाहेर आलेली बोटं, मग भागवतचं तोंड. रज्जाकभाईंनी डोळे मिटले. मला वाटलं ते आता बसतील खाली. पण त्यांनी डोळे उघडले, जबड्यातले लाकडाचे तुकडे भिरकावून दिले आणि म्हणाले, "वहिनी, तिकडचा दांडा धरा."

मी सुईणीला कधी हात लावला नव्हता. ते काम भागवतचं. दोन्ही दांडे बरोबरीनं फिरले नाहीत तर ठोकळा तिरका होतो आणि आत जे असेल ते कातरलं जातं, एवढं ऐकून होते. दुसऱ्या गड्यांनी पुढं यायचं तर सगळे भिंतीला चिकटले होते. जबडे आवळले. भागवतनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण बोलायला लागला. "फिरव. हळू. थांब, भाईचं होऊ दे. आता तू. आणखी एक. थांब." स्वतःच्या बोटांवरच्या कामाला तो स्वतःच हुकूम देत होता. माझे तळवे घामानं घसरत होते. "आता तू. हिसका देऊ नको. सरळ." मग पितळ करकरलं, ठोकळ्यांच्या मधे रेघेएवढी फट पडली, आणि जिवंत रक्त त्या बोटांत परत गेलं असावं, कारण तेव्हा तो ओरडला. इतका वेळ आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. रस्त्यावरचे लोक थांबले म्हणे.

हात सुटला. मी तो पदरात घेतला. नालेची अंगठी चपटी होऊन फुटली होती आणि खालच्या ठोकळ्याला चिकटून राहिली होती.

साहेबांनी वरचा ठोकळा जबड्यातून अलगद काढला, उजेडाकडं नेला, कडांवरून नख फिरवलं. "तडा नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज खुलला होता. "एवढं होऊन एकही तडा नाही!"

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ठोकळा ठेवून दिला. त्यांची तरी काय चूक? जे बघायला आले होते ते त्यांनी बघितलं. पुढं त्यांच्याच गाडीतून आम्ही जालन्याला गेलो, पूर्ण वाटभर ते फोनवर डॉक्टर शोधत होते, तेही सांगायलाच हवं. पण ते 'तडा नाही' अजून माझ्या कानातून जात नाही.

मधलं बोट गेलं. शेजारचं वाचलं, पण ते आता वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोन्ही काढावी लागली असती, कदाचित पंजाही.

आणि मंजुरी आली. साहेबांनी वर काय सांगितलं देव जाणे, पण माल पास झाला, सुईण पास झाली. एकच अट घातली: दारात तोंडी विचारून चालणार नाही. तिथं दोरीला चुंबक टांगायचा आणि माणूस बसवायचा, प्रत्येकाच्या अंगावरून तो फिरवायचा. रज्जाकभाईंनी ती जागा भागवतला दिली. सुईणीवर भागवतच्या जागी मला घेतलं, कारण त्या दिवशी दांडा मी फिरवला होता.

सगळे म्हणाले, देवानं तारलं. माझ्या घरात मात्र अबोला बसला. ज्याच्या हातचे चुंबक ढगात जायचे, तो आता दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बायकांच्या केसांतले आकडे शोधत होता. टपरीवर त्याला कुणी मिसाईलवाले म्हणेना. घोड्याची नाल कशी आहे, असं विचारायला लागले. तो टपरीवर जायचा बंद झाला. ओरडली तर बोलू नको, हे त्यानं खरं करून दाखवलं. पाणी हवं असलं तरी काजलला सांगायचा, "तुह्या आईले म्हण, पाणी दे." मी ओरडले नव्हते, ओरडला तोच, पण हे त्याला कोण समजावणार?

मला वाटलं होतं, सासूबाईंना आता तरी गप्प करीन. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या नालेनं बोट नेलं."

"नेलं?" त्या म्हणाल्या. "नाल मधी होती म्हणून एका बोटावर भागलं वं! नाल नसती तर त्या दगडाहीनं पंजा चुरला असता. विचार तुह्या रज्जाकभाईले!"

मी खरंच विचारलं. रज्जाकभाई दाढी खाजवत म्हणाले, "तसं पाह्यलं तर हाव. नालेनं फट ठेवली." अंगठीनंच त्याला तिथं नेलं आणि अंगठीनंच तिथं वाचवलं. आता या बाईशी भांडायचं तरी कुठून?

मग एका शनिवारी त्या स्वतः एस.टी.नं धाड गावच्या बाजारात जाऊन आल्या, आणि संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढं मूठ उघडली. नालेची नवी अंगठी.

"आता तू असतं त्या दगडाहीपाशी," त्या म्हणाल्या. "हात आण."

"आत्याबाई, तिथं लोखंड चालत नाही."

"मले सांगू नको. एका लेकाचं बोट पाह्यलं, आता तुहं पाहू का?" आणि त्या रडायला लागल्या. सोजराबाईंना रडताना मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. त्या रडत रडत म्हणाल्या, "तुले माह्या गळ्याची आण हाय."

ज्या शपथेला मी इतकी वर्षं हसले, तिच्यापुढं मी हात पुढं केला. मला माझाच संताप आला. अंगठी घट्ट होती. त्यांनी तेल लावून ती पेरावरून खाली दाबली, आणि ती परत वर येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं असेल? बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. भागवत गुंडाळायचा, अगदी तशीच. गुंडाळताना कळत होतं आपण काय करतोय, तरी गुंडाळली.

दारात रांग होती. भागवत दोरीचा चुंबक प्रत्येकाच्या अंगावरून फिरवत होता. माझी पाळी आली. त्यानं माझ्या बोटाकडं पाहिलं. 'कापलं' म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं म्हणवेना. चुंबक आपणहून झुकला आणि माझ्या बोटाला येऊन चिकटला.

त्यानं चुंबक सरकवून बाजूला केला, हिसडला नाही.

"हात आण," तो म्हणाला. कितीतरी आठवड्यांनी मला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द.

त्यानं बाकीच्यांना आत सोडलं. खुर्चीखालून तेलाची बाटली आणि शिवणाचा दोरा काढला, म्हणजे हे असं कधीतरी होणार याची त्यानं तयारी ठेवली होती. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून घातलं आणि दुसरं बोटावर घट्ट गुंडाळत आणलं. मग खालचं टोक ओढत गेलं, की गुंडाळी सुटते तशी अंगठी पेरावरून वर चढते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं त्याची दुसऱ्या हातातली तांब्याची अंगठी अशीच काढली होती, ते त्यानं बघून ठेवलं होतं. अंगठी निघाली. त्यानं ती त्याच्या लाकडी पेटीत टाकली.

"आत्याबाईले काय सांगू?" मी विचारलं.

"काही सांगू नको," तो म्हणाला. "जाताना घालून देतो."

संध्याकाळी त्यानं तेल लावून ती परत माझ्या बोटात दाबून बसवली, आणि घरी सासूबाईंनी माझा हात हातात घेऊन ती आहे ना ते पाहिलं. तेव्हापासून हे रोजचंच झालं आहे. काजलनं दहावीचा फॉर्म इथूनच भरला. चुंबक जातात तिकडं जातात. रोज सकाळी मी दारात हात पुढं करते आणि माझा नवरा अंगठी काढतो, रोज संध्याकाळी घालतो. साडेसाती सरायला अजून बराच काळ आहे, आणि शपथेतून कोण कुणाला सोडवणार, ते आम्हा तिघांनाही माहीत नाही.

तो अजून फारसा बोलत नाही. मला मात्र त्याला पुष्कळ सांगायचं असतं, आणि दिवसभरात आम्ही दोघंच असतो ते सकाळी दारात तेवढा वेळ. पण दोरा ताणून गुंडाळायचा तर त्याचं टोक धरून ठेवायला मधलं बोट लागतं. ते त्याला नाही. म्हणून ते टोक मी माझ्या दातात धरते.